दोन स्पीकरची पेटी, तीन स्पीकरची पेटी

माझ्या भावाने मला रेडिओला जोडायची पहिली पेटी करून आणली, तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून थोडेच महिने झाले होते. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मोर्णेच्या काठाजवळ एका माळ्याच्या घरात, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होते. माझे लग्न कळते होण्याआधीच झाले आणि कळू लागले तेव्हा ते संपलेही होते. वडील अमरावतीचे वकील. त्यांनी मला घरी आणले, शाळेत घातले, मग मास्तरणीचे ट्रेनिंग करायला लावले. नोकरी अकोल्याला मिळाली. वडील गेल्यावर राजापेठेतल्या घरात दादा आणि वहिनी राहिले. मग वहिनीही विषमज्वराने गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. असे आम्ही दोघे उरलो, तो अमरावतीत, मी अकोल्यात, आणि मध्ये बडनेऱ्याला गाडी बदलायची.

लोक विचारत, दोघेच आहात तर एकत्र का राहत नाही? मी हसून वेळ मारून नेत असे. खरे म्हणजे ती नोकरी आणि त्या दोन खोल्या, एवढेच माझे म्हणून मी मिळवलेले होते. ते सोडायला मन होत नव्हते. पण त्याची किंमतही होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारी सकाळपर्यंत कुणाशी बोलायचे काम पडत नसे. खाली माळीणबाई असायची, पण ती पहाटे भाजी घेऊन बाजारात आणि दुपारी मळ्यात. सोमवारी वर्गात गेल्यावर माझा पहिला शब्द घोगरा निघे. मुलींना वाटे, बाईंना सर्दी झाली आहे.

म्हणून दादाने नवा रेडिओ घेतला तेव्हा जुना मला आणून दिला. नागपूरचे केंद्र तेव्हा सुरू व्हायचे होते. संध्याकाळी मुंबई लागायची, हवा बरी असली तर दिल्ली. घरात माणसाचा आवाज आला याचाच मला आनंद होता. पण तो माणूस मडक्यात तोंड घालून बोलत असल्यासारखा वाटे. मी हे दादाला सहज बोलले आणि तो एकदम सावरून बसला. त्याला हवे ते कारण मी देऊन टाकले होते.

दादा वकील होता खरा, पण त्याचा जीव तारांमध्ये आणि स्पीकरमध्ये होता. कॉलेजात असल्यापासून तो काहीबाही जोडत बसायचा. वहिनी होती तोवर तिने त्याला दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात आवरून ठेवले होते. ती गेल्यावर तो पसारा घरभर झाला. लढाई संपल्यावर मुंबईच्या बाजारात लष्करातला टाकाऊ माल येऊ लागला. दादाचा एक पक्षकार मुंबईला जाऊन-येऊन असे. त्याच्याकडून दादा स्पीकर, कंडेन्सर, तांब्याच्या तारेची रिळे मागवी. एका टॉकीजमधून काढून टाकलेला एक छोटा कर्णाही त्याने मिळवला होता.

त्यातून ती पहिली पेटी झाली. सागवान परतवाड्याहून आणलेले, सुताराकडून घट्ट सांधे मारून घेतलेले. खाली मोठा कागदी स्पीकर आणि वर तो कर्णा. स्टेशनवरून टांग्यात घालून आणली आणि जिन्यातून वर चढवताना दादा आणि टांगेवाला दोघेही घामाघूम झाले.

चहा घेता घेता दादाने मला समजावले. मोठा कागद जाड आवाज चांगला काढतो, पण बारीक आवाजासाठी लागते तितकी चपळाई त्याच्यात नसते. म्हणून काम वाटून द्यायचे. जाड आवाज खालच्याला, बारीक वरच्याला. मधे त्याने स्वतः गुंडाळलेले तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर बसवले होते, ते ही वाटणी करीत. मला यातले निम्मे कळले. पण संध्याकाळी रेडिओ लावला आणि उरलेले निम्मे न सांगता कळले.

बातम्या सांगणारा माणूस मडक्यातून बाहेर आला होता. त्याच्या बोलण्यातले स आणि श वेगळे ऐकू येत होते. वाक्य सुरू करण्याआधी तो श्वास घेई, तो ऐकू येई. एकदा त्याच्या हाताखालचा कागद उलटला, तेही कळले. माळीणबाई वर आली होती, ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "हा मानूस तं आपल्या बाजूलेच बसेल हाय असं वाट्टे, बाई."

दादाला त्या दिवशी फार समाधान झाले. तो गेला आणि मी ती पेटी खिडकीजवळ, माझ्या जेवायच्या पाटासमोर ठेवली. पुढे कितीतरी महिने मी रात्रीचे जेवण त्या बातम्या सांगणाऱ्याबरोबर केले. त्याचा आवाज बसला असला तर मला काळजी वाटे. तो रजेवर गेला आणि दुसरा आला की मला परके वाटे. हे मी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे ते नव्हतेच.

दादा मात्र महिन्याभरातच त्या पेटीवर नाराज झाला. पुढच्या वेळी आला तेव्हा डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला की जिथे मोठ्याचे काम संपते आणि लहानाचे सुरू होते, तो सांधा बरोबर माणसाच्या आवाजात येतो. गाणारी बाई वर चढली की अर्धी कागदातून आणि अर्धी कर्ण्यातून गाते. "बरोबर गळ्यावर शिवण आली आहे," तो म्हणाला. "हे काई खरं नाही."

मला शिवण ऐकू येत नव्हती. मी तसे म्हटले. तो म्हणाला, एकदा ऐकू आली की मग जात नाही. मी म्हटले, मग मला ऐकवू नकोस. त्यावर तो हसला, पण त्याच्या डोक्यात तिसरा स्पीकर शिरला होता. सगळा गळा एकट्याने सांभाळेल असा एक मधला स्पीकर. एक शिवण त्याच्या खाली, एक त्याच्या वर, दोन्ही माणसाच्या आवाजापासून लांब.

नाताळच्या सुट्टीत मी अमरावतीला गेले, तोवर राजापेठेत ती पेटी उभी होती. कपाटाएवढी. वडिलांच्या वेळी पक्षकार बसत त्या दिवाणखान्यातली बाके काढून दादाने एका टोकाला ती ठेवली होती आणि दुसऱ्या टोकाला एकच आरामखुर्ची. एवढ्या मोठ्या खोलीत एक पेटी आणि एक खुर्ची पाहून मला कसेसेच झाले. वहिनीच्या हातची पडदे-तोरणे केव्हाच उतरली होती. स्वयंपाकाला एक बाई येत असे, ती दुपारीच झाकून ठेवून निघून जाई. दादा कोर्टातून आला की गारच जेवत असे आणि मग त्या खुर्चीत बसत असे.

त्याने मला खुर्चीत बसवले आणि ग्रामोफोनची तबकडी लावली. मी खोटे बोलणार नाही, असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गाणाऱ्या बाईचा आवाज भरून आला, कुठे पातळ नाही, कुठे टोचत नाही. तबल्याबरोबरचा डग्गा पोटात लागत होता. दादा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हटले, सुंदर आहे. मग मी उठून पेटीजवळ गेले, आणि चारेक हातांवर आले तशी ती बाई माझ्यासमोर सुटी सुटी झाली. खर्जातला आवाज माझ्या गुडघ्याशी, गळा कमरेशी आणि शब्दांची टोके कपाळाशी.

मी हे सांगितल्यावर दादा वैतागला. "तू जवळ कावून जाते? तिथं बसून ऐकायचं असते."

"मी जवळच बसत असते."

"मंग लांब बस."

"माझ्या खोलीत लांब कुठी आहे, दादा?"

त्या सुट्टीत आमचा हा वाद बरेचदा झाला, आणि सांगायला हरकत नाही, त्या घरात आम्ही दोघे मनापासून बोललो असू तर ते या वादातच. दादाचे म्हणणे, आवाजाचे खरेपण आधी. तीन स्पीकरमध्ये कुणावर ओझे येत नाही, मोठ्याने लावले तरी आवाज फाटत नाही, माणसाचा गळा अखंड राहतो. माझे म्हणणे, ते सगळे मोठ्या दिवाणखान्यात, दहा माणसे ऐकायला बसली असतील तर. एकट्या माणसाला छोट्या खोलीत आवाज एका जागेवरून आलेला बरा. समोर कुणीतरी आहे असे वाटले पाहिजे. दादा म्हणे, हे शास्त्र नव्हे. मी म्हणे, मी शास्त्र ऐकत नाही, बातम्या ऐकते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दादा अकोल्याला आला तो आणखी एक पेटी घेऊन. त्याने माझ्या खोलीसाठी म्हणून तीन स्पीकरची बुटकी पेटी केली होती, स्पीकर एकमेकांच्या जितके जवळ आणता येतील तितके आणून. बरोबर तबकडी फिरवायचे यंत्रही होते. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून, एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावून, काय तो निकाल लावायचा असे त्याने ठरवले होते. रविवार होता. मी सकाळीच वरणफळे करून ठेवली होती, त्याला आवडत म्हणून. तो जेवला पण लक्ष पेटीकडे होते.

जेवणे झाल्यावर त्याने माळीणबाईलाही वर बोलावले, तिसरे मत असावे म्हणून. आधी दोन स्पीकरची लावली. तो म्हणाला, ऐका, नीट ध्यानात ठेवा. मग तार काढून तीनच्या पेटीला लावली. नव्या पेटीत त्याने सर्वांत वरच्या बारीक स्पीकरला वेगळे बटण दिले होते, तो किती बोलावा ते ठरवायला. पहिल्यांदा वाजली तेव्हा मला ती बरी वाटली. गळा भरीव, आणि खरेच जवळ बसूनही आवाज बराचसा एकत्र. मी मनात म्हटले, हरले बहुधा.

पण दादाचे समाधान झाले नाही. म्हणाला, वरचा आवाज मंद आहे, जीव नाही त्यात. बटण थोडे फिरवले. मला वाटले, आता जरा जास्त झाले. त्याने आणखी फिरवले. तबकडीवर सुई घासते त्याची खरखर आता गाण्यापेक्षा पुढे येऊ लागली, आणि गाणाऱ्या बाईचा प्रत्येक स कानात काडी घातल्यासारखा लागू लागला. माळीणबाईने पदर कानावर ओढून घेतला. मग चुलीवर दूध ठेवून आले आहे असे काहीतरी पुटपुटून ती खाली गेली. तिच्या चुलीवर त्या वेळी काही नसते हे मला माहीत होते.

"आता?" दादाने विचारले.

मी म्हटले, फार टोचते आहे. तो म्हणाला, छे, अजून उघडलाच नाही आवाज. मला वाटले, नव्या पेटीचा अभिमान आहे, दुसरे काय. तो पेटीच्या मागच्या बाजूला जाऊन काहीतरी चाचपून आला, पुन्हा पुढे येऊन बसला. त्याने तबकडी पहिल्यापासून लावली.

या वेळी एकदम बरे वाटले. खरखर नाही, टोचणे नाही. आवाज जरासा झाकल्यासारखा, पण कानांना विसावा. मी तसे म्हणणार होते, तोच दादा बटणाकडे वाकला आणि ते आणखी उजवीकडे फिरवू लागला. थोडे फिरवून थांबायचा, कान द्यायचा, पुन्हा फिरवायचा. आवाजात काहीच बदल होत नव्हता. मला नवल वाटले. मी उठून पेटीच्या मागे डोकावले. वरच्या स्पीकरची तार सुटून लोंबत होती. तो मागे हात घालून आला तेव्हाच ओढली गेली असणार. मी वरच्या स्पीकरला कान लावला. तो मुका होता.

दादा अजून फिरवतच होता. बटण शेवटाला टेकले, तेव्हा तो मान हलवून म्हणाला, "हं. आता थोडा फरक पडून राहिला."

मी त्याच्याकडे पाहिले. तो डोळे मिटून ऐकत होता, चेहऱ्यावर समाधान होते. मी न बोलता तार जोडू शकले असते असे नाही, मला ते जोडणे येत नव्हते. आणि गप्प बसणे माझ्या स्वभावात नव्हते. मी तबकडीवरची सुई उचलली.

"दादा, वरची तार सुटली आहे."

"कोणती?"

"वरच्या स्पीकरची. तो वाजतच नाही आहे."

तो उठला. मागे जाऊन पाहिले. त्याने तार हातात धरली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिला. मग नीट जोडली, पुढे आला आणि सुई परत ठेवली. बटण शेवटालाच होते हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हते. असा कर्कश आवाज उठला की माझे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. दादाने ते हात पाहिले. आवाजाकडे नाही, माझ्या हातांकडेच तो पाहत राहिला. मग त्याने यंत्र बंद केले.

त्याने विचारले, "कधीपासून असंल हे?"

"मले काय माहीत. तूच सांग."

त्याने थांबत थांबत सांगितले. कोर्टात साक्षीदार बोलतात ते हल्ली त्याला पुटपुटल्यासारखे वाटे. त्याला वाटायचे, लढाईनंतर माणसेच अशी झाली, धड तोंड उघडत नाहीत. बायका साक्षीला आल्या की त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागे. न्यायाधीशसाहेब एकदा म्हणाले होते की वकीलसाहेब, साक्षीदाराने उत्तर दिले आहे. समोरच्या वकिलांनी हसून घेतले. दादाने ते साक्षीदाराला घाबरवायची युक्ती म्हणून खपवून नेले होते. स्वयंपाकाची बाई काही विचारी आणि उत्तर न मिळून निघून जाई, त्याला वाटे ती तुसडी आहे. आणि आवाज मंद वाटे म्हणून तो एकामागून एक स्पीकर बदलत होता.

"मी समजलो स्पीकरमंदी खोट आहे," तो म्हणाला.

मी चहा ठेवला. दुसरे काय करायचे ते मला कळत नव्हते. तो कपबशी घेऊन खिडकीशी बसला. खाली मळ्यात पाटाचे पाणी सोडले होते आणि चिमण्यांचा एकच कल्ला चालला होता. त्याला त्यातले काय ऐकू येते हे विचारायला मला धीर झाला नाही.

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने गेला. दोन्ही पेट्या माझ्याकडेच राहिल्या. पुढे त्याने अमरावतीत डॉक्टरला दाखवले, नागपूरलाही जाऊन आला. कानाची शीर सुकत आली आहे, बारीक आवाज आधी जातात, बाकीचे हळूहळू, असे सांगितले. पूर्वी मेळघाटाकडच्या एका खटल्यात त्याला हिवताप झाला होता आणि त्यावरचे कोयनेल, म्हणजे क्विनीनचे औषध, फार झाले होते, त्यामुळे असेल किंवा नसेलही. उपाय नव्हता. त्याने साक्षीपुराव्याची कामे सोडली आणि घरी बसून अर्ज-दावे लिहून द्यायला लागला. राजापेठेतल्या लोकांना वाटले, वकीलसाहेबांनी वहिनी गेल्याच्या दुःखाने अंग काढून घेतले. त्याने तो समज राहू दिला.

मी त्याला अकोल्याला येऊन राहा म्हटले. तो नाही म्हणाला. मग मी अमरावतीच्या शाळेत बदलीसाठी अर्ज करते म्हटले. त्यालाही नाही म्हणाला, आणि जरा रागानेच. म्हणाला, "तू दिवसभर पोरींशी घसा कोरडा करून घरी येशील आणि मंग माझ्याशी वरडत बसशील. मले नाही पाहिजे." मी जोर धरला नाही. त्याला जसे नको होते तसेच, मनाच्या एका कोपऱ्यात, मलाही नको होते. ते त्यालाही कळत असावे. आम्ही दोघे एकाच आईबापाची मुले होतो.

पेट्यांचा निकाल असा लागला. पुढच्या सुट्टीत मी राजापेठेत गेले तर दादाने त्या कपाटाएवढ्या पेटीतला मधला स्पीकर काढून एका छोट्या खोक्यात घातला होता आणि तो आरामखुर्चीच्या हाताशी, कानापासून वीतभर अंतरावर ठेवला होता. माणसाचा आवाज जो काही त्याला अजून पोचे, तो त्यातून पोचे. बाकीच्या दोघांचा त्याला उपयोग नव्हता. ती मोठी पेटी मधे भोक पडून तशीच उभी होती. अकोल्यातली बुटकी पेटी मी एका संगीत शिकवणाऱ्या बाईंना देऊन टाकली, त्यांच्याकडे वर्ग भरे, मोठी खोली होती, तिथे ती फार छान वाजे. माझ्याजवळ ती पहिलीच राहिली. गळ्यावर शिवण असलेली. दादा म्हणाला होता तसे झाले, मला ती पुढे ऐकू येऊ लागली, गाणाऱ्या बाईचा आवाज चढताना जरा अडखळतो ती जागा. मला तिचे काही वाटत नसे.

दादाचे येणे कमी झाले. गाडीत लोक बोलतात ते कळत नाही, बडनेऱ्याला गाडी कुठल्या फलाटावर लागते ते ओरडतात ते कळत नाही, म्हणून तो टाळू लागला. मीच सुट्टीला जात असे. त्याच्याशी बोलताना समोर बसून, सावकाश, ओठ उघडून बोलायचे मी शिकले. वर्गात तसेच बोलण्याची सवय होती, त्यामुळे जड गेले नाही. पण असे बोलताना माणूस महत्त्वाचे तेवढेच बोलतो. बसल्या बसल्या जे उगाच बोलले जाते, पाऊस येईलसे वाटते, शेजारच्या घरी पाहुणे आलेले दिसतात, ते सगळे गळून गेले. त्या घरात मी असले तरी दिवस दिवस फक्त जेवायला ये, दिवा लाव, एवढेच शब्द होत. अकोल्याला माझ्या खोलीत कुणी नाही म्हणून शांत असे. तिथे भाऊ समोर असून शांत असे. कोणते बरे, ते मला कधी ठरवता आले नाही.

अशाच एका सुट्टीत त्याने आपणहून म्हटले, कौंडण्यपूरला जाऊन येऊ. जत्रा नव्हती, काही पर्व नव्हते. लहानपणी वडील आम्हाला बैलगाडीने न्यायचे. आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. देवळात दर्शन घेतले आणि वर्धेच्या काठी एका दगडावर बसलो. पाणी कमी होते. पलीकडच्या बाजूला एक बाई धुणे आपटत होती.

दादा बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "मले काय ऐकू येऊन राहिलं ते सांगतो, तू खरं का खोटं सांग." तो सांगू लागला. धुणे आपटल्याचा आवाज. मी मान हलवली, खरे. देवळातला नगारा. खरे. पाण्याचा. मी म्हटले, पाण्याचा आवाज येतच नाही, पाणी संथ आहे. तो थबकला. मग म्हणाला, त्या बाईच्या बांगड्यांचा. बाई इतकी लांब होती की मलाही बांगड्या ऐकू येत नव्हत्या. मी तसे सांगितले.

तो स्वतःशी हसला. "म्हणजे मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "आपटते तं वाजतच असतील, असं."

मग त्याने विचारले, आणखी काय काय येते ते तू सांग. मी कान देऊन सांगत गेले. वर कुठेतरी पोपट आहेत. मागे शेळ्या आहेत, त्यातल्या एकीच्या गळ्यात घंटा आहे. देवळात कुणीतरी पायऱ्या झाडते आहे. मी प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे तोंड करून, सावकाश सांगत होते आणि तो एकेक ऐकून त्या दिशेला पाहत होता. पोपट त्याला दिसले. शेळ्याही दिसल्या. झाडणारे माणूस दिसले नाही, पण त्याने विश्वास ठेवला.

ऊन उतरायला लागले तसे आम्ही मोटारीशी आलो. परतताना गाडीत गर्दी होती, इंजिनचा धडाका होता, आणि दादा बोलू लागला. लहानपणी याच वाटेवर बैल कसा बुजला होता, वडील कसे उतरून चालत आले, वहिनी पहिल्यांदा इथे आली तेव्हा नदीत पाय घालायला कशी घाबरली. वर्षभरात बोलला नव्हता तेवढे बोलला. आपला आवाज किती मोठा झाला आहे ते त्याला कळत नव्हते. पुढच्या बाकावरचे लोक वळून वळून पाहू लागले, एक म्हातारा तर पूर्ण मागे फिरून वहिनीची गोष्ट ऐकत बसला. मी दादाला हळू बोल म्हटले नाही. अमरावती येईपर्यंत तो बोलत होता.